औषध दहा मिनिटांत ओसरतं, मग पहारा चोवीस तास कशाला?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय: अंगावरून वारं गेलं की दहाही बोटांना सुई टोचा, थेंब थेंब रक्त काढा, माणूस वाचतो. असा झटका बहुधा मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकून येतो, आणि बोटं टोचून ती गुठळी तसूभरही हलत नाही. वेळ मात्र जातो, आणि पुढे गुठळी विरघळवायचं औषध सुरू झालं तर त्या दहा भोकांतून रक्त झिरपत बसतं.

हे औषध, अल्टेप्लेज, लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांत देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही ना, हे बघूनच. दहावा हिस्सा मिनिटभरात शिरेत, उरलेला तासाभरात ड्रिपने. ड्रिप संपली की दहाएक मिनिटांत रक्तातलं ८० टक्के औषध नाहीसं होतं. तरी सिस्टर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास अर्ध्या तासाने, मग २४ तास भरेपर्यंत तासातासाला बीपी आणि शुद्ध तपासते.

कारण अल्टेप्लेज स्वतः गुठळी तोडत नाही. गुठळी फायब्रिनच्या धाग्यांनी विणलेली असते. त्या धाग्यांना चिकटून ते रक्तातल्या निष्क्रिय प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन नावाचं विकर (एन्झाइम) करतं आणि हे प्लाझ्मिन धागे तोडतं. फायब्रिनला चिकटल्यावर त्याचा जोर कैक पटींनी वाढतो, म्हणून काम बऱ्यापैकी गुठळीपुरतं राहतं. बऱ्यापैकीच! सुईच्या भोकावर धरलेली खपलीही फायब्रिनचीच असते. शिवाय मोकाट प्लाझ्मिन रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे नव्या गुठळीचा कच्चा माल, फस्त करतं आणि तो भरून यायला बरेच तास लागतात. त्यात रक्त न मिळालेल्या भागातल्या केशवाहिन्यांचं अस्तर विकरांनी कुरतडलेलं असतं. वाट मोकळी होऊन तिथे रक्त जोरात शिरलं, की भिंत फुटू शकते. अमेरिकेतल्या १९९५च्या चाचणीत औषध मिळालेल्या ६.४ टक्के रुग्णांची प्रकृती मेंदूतल्या रक्तस्रावाने ढासळली. न मिळालेल्यांत हेच प्रमाण ०.६ टक्के होतं. तरीही तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झालेले रुग्ण औषधवाल्या गटातच जास्त होते.

म्हणून बीपी १८०/१०५च्या खाली ठेवायचं. सुया आधीच लावून घ्यायच्या. नंतर दंडात इंजेक्शन नाही, नाकात नळी शक्यतो नाही, ब्लेडने दाढी नाही. ॲस्पिरिन २४ तासांनंतरचा सीटी पाहूनच. सुईभोवतीचा गॉज लाल झाला तर सिस्टर तिथे दाबून धरते, लघवीचा रंग बघते, हिरड्या बघते. पण पेशंट एकाएकी ‘डोकं फुटतंय’ म्हणाला, ओकला, बीपी उसळलं किंवा मघाशी उचललेला हात आता उचलेना, तर ड्रिप चालू असल्यास ती आधी बंद, त्याच दमात डॉक्टरांना हाक आणि तातडीचा सीटी. रक्तस्राव निघाला तर रक्तपेढीतून क्रायोप्रेसिपिटेट मागवतात. त्यात फायब्रिनोजेन भरपूर असतं.

‘सिस्टर, आत्ता कुठे डोळा लागलाय, झोपू द्या ना,’ असं ठाण्यातल्या कुठल्याही आयसीयूबाहेर ऐकू येतं. झोप आणि ग्लानी लांबून सारखीच दिसते. म्हणून ती पेशंटला उठवते, नाव विचारते, दोन्ही हात वर करायला लावते आणि बाहुल्यांवर टॉर्च मारते.