अमेरिकन सरहद्द-कादंबरी

इथे सरहद्द म्हणजे दोन देशांमधली सीमा नव्हे. गोऱ्या वसाहतकऱ्यांची शेवटची वस्ती आणि तिच्यापुढचे रान यांच्यामधली, पिढीगणिक पश्चिमेकडे सरकत गेलेली ती रेषा. या रेषेवरच्या जगण्याला कादंबरीत मानाची जागा मिळवून दिली जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१) याने. नॅटी बम्पो या शिकाऱ्यावरच्या त्याच्या पाच कादंबऱ्या १८२३ ते १८४१ दरम्यान आल्या. ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ (१८२६) सर्वांत गाजली. (नाव काहीही सांगो, मोहिकन संपलेले नाहीत, त्यांचे वंशज आज विस्कॉन्सिनमध्ये राहतात.)

मालिकेतली आधी लिहिलेली ‘द पायोनियर्स’ मात्र जास्त सकस आहे. तिच्यात रानकबुतरांचे थवे गावावर येतात तेव्हा गावकरी बंदुका घेऊन धावतात, एक छोटी तोफही डागतात आणि पाखरांचा खच पडतो. म्हातारा नॅटी खाण्यापुरते एकच पाखरू टिपतो, बाकीच्यांना बोल लावतो. त्या जातीचे शेवटचे कबूतर १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले.

कूपरची भाषा बोजड, योगायोग अचाट. मार्क ट्वेनने १८९५ मध्ये त्याची यथेच्छ टर उडवली. १८६० पासून दहा सेंटांना मिळणाऱ्या स्वस्त साहसकथांच्या पुस्तकांनी या सरहद्दीवरचा बंदूक आणि घोडा तेवढा उचलला. ओवेन विस्टरच्या ‘द व्हर्जिनियन’ने (१९०२) काउबॉयला नायक केले आणि पुढे सिनेमाने त्याला जगभर नेले.

बंदुकीपेक्षा कुऱ्हाडीची आणि नांगराची गोष्ट सांगणारी धारा वेगळी. नेब्रास्कातल्या स्थलांतरित शेतकऱ्यांवर लिहिणारी विला कॅथर तिच्यातली, तसाच कॉनरॅड रिक्टर. ओहायोच्या जंगलात वाढलेल्या, अक्षरशत्रू सेवर्ड या बाईची त्याची त्रयी १९४० ते १९५० दरम्यान पूर्ण झाली. तिसऱ्या भागाला पुलित्झर मिळाले. मराठी वाचकाला ही त्रयी जी. ए. कुलकर्णींच्या अनुवादातून भेटते: ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. मूळ शीर्षकातली ‘झाडे’ मराठीत ‘रान’ झाली, ‘शेते’ ‘शिवार’ झाली, आणि पुस्तक उघडण्याआधीच परकेपणा निम्मा गळून पडला.

सेवर्डला आयुष्यभर झाडांचा राग. उन्हाला वाट न देणारे, धाकट्या बहिणीला गिळून बसलेले ते रान ती हट्टाने तोडत राहते. गाव वसते, मुले शिकतात, रस्ते होतात. म्हातारपणी ती आपल्या मोठ्या घरापुढे झाडे लावते.