गर्भाशयमुख गोठवल्यावर मूल होत नाही?

‘क्रायो केली की गर्भाशय निकामी होतं’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. क्रायो म्हणजे गर्भाशयमुखावरचा, पुढे कर्करोग होऊ शकेल असा पेशींचा डाग गोठवून नष्ट करण्याचा उपचार. भीती समजण्यासारखी आहे. पण गोठतो तो फक्त गर्भाशयमुखाचा वरचा थर, साधारण ५ मिलिमीटर खोलीपर्यंत. धातूचं थंड टोक ३ मिनिटं टेकवतात, ५ मिनिटं बर्फ वितळू देतात, पुन्हा ३ मिनिटं गोठवतात. पिशवी, नलिका, अंडाशय यांना धक्काही लागत नाही. मुखाचा मार्ग आकसणं क्वचितच घडतं.

खरं घाबरवतं ते नंतरचं पाणी. चार-सहा आठवडे पातळ स्राव जातो. मेलेला थर गळून नवी त्वचा येत असते. दुर्गंधी, ताप किंवा जोराचं पोटदुखणं असेल तर मात्र लगेच दाखवा.

खात्री करायची तर डॉक्टरांना विचारा: डाग पूर्ण दिसतोय का, आत गर्भाशयमुखाच्या मार्गात शिरलाय का? शिरला असेल तर गोठवणं पुरत नाही, दुसरा उपचार लागतो.