पहिल्या जागेवरचे शून्य : अंकांपासून संख्या मोजण्याच्या प्रश्नामागची पार्श्वभूमी

छंदशास्त्रात लघु-गुरू अक्षरांचे प्रस्तार, म्हणजे सगळ्या शक्य मांडण्या, फार आधीपासून मोजले जात. अंकांच्या अदलाबदलीचा हिशेब मात्र ठळकपणे दिसतो तो भास्कराचार्यांच्या ११५०च्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात, शेवटच्या ‘अंकपाश’ प्रकरणात. तिथे संख्या किती एवढेच विचारून थांबलेले नाही, त्या सगळ्यांची बेरीजही मागितली आहे. ३, ९, ८ घ्या. त्यांच्या अदलाबदलीतून होणाऱ्या संख्या ६, अंकांची बेरीज २०. गुणाकार १२०, त्याला ३ स्थानांनी भागले की ४०. हे ४० एकेक घर सरकवत तीनदा मांडून मिळवायचे : ४४४०. सहा संख्या लिहून काढायची गरजच नाही. २, २, १, १ असे अंक पुन्हा आले तर काय करायचे, हेही तिथेच आहे : संख्या ६, बेरीज ९९९९.

यात शून्य कुठेच नाही, आणि हे सहज राहून गेलेले वाटत नाही. सहा स्थानांत वेगवेगळे अंक ठेवण्याच्या उदाहरणात ‘खेन वर्जितैः’, म्हणजे शून्य वगळून, अशी अटच घातली आहे. उत्तर ६०४८०. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी शून्य आत घेतले आणि वाद ओढवून घेतला.

०, १, २, ३, ४ हे अंक पुन्हा न वापरता पाच अंकी संख्या किती? मांडण्या १२०, पण ०१२३४ ही पाच अंकी संख्या नव्हे, म्हणून २४ वजा करून ९६. इथवर सगळ्यांचे एकमत. जुना नियम जसाच्या तसा लावला तर बेरीज २६६६६४० येते. शून्याने सुरू होणाऱ्यांचे ६६६६० त्यातून काढले की २५९९९८०. आता प्रश्न थोडा बदला : याच अंकांपासून एकूण किती संख्या, कितीही अंकी? एक अंकीपासून पाच अंकीपर्यंत अनुक्रमे ४, १६, ४८, ९६, ९६ मिळून २६०. पण नुसते ० ही संख्या नाही का? मग २६१. उत्तरसूचीत कधी हे, कधी ते. ‘पहिल्या जागी शून्य नको’ हा नियम एक अंकी संख्येलाही डोळे झाकून लावला की २६० येते. खरे तर नियमाचा हेतू एवढाच की पुढचे शून्य संख्येत भर घालत नाही. एकट्या शून्याला तो लावणे हे माझ्या मते यांत्रिकपणाचे आहे, २६१च बरोबर. प्रश्नात ‘नैसर्गिक’ (म्हणजे १ पासूनच्या) हा एक शब्द घातला असता तर भांडणच नव्हते.

१८०८ मध्ये फॅक्टोरियलसाठी, म्हणजे १ पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या गुणाकारासाठी (५ × ४ × ३ × २ × १ = १२० असा), उद्गारचिन्ह आले, लिहिणे सुटसुटीत झाले. शून्याचा तिढा तसाच राहिला.

संगणकाच्या काळात तो उलट बाजूने आला. चार अंकी संख्या ९०००, पण चार अंकी पिन १००००, कारण ०००७ हा पिन चालतो. अंक वेगवेगळे हवेत म्हटले तर ४५३६ आणि ५०४०. स्प्रेडशीटमध्ये ०००७ टाइप केले की साधारणपणे ७ उरतो, कारण तिथे ती संख्या धरली जाते. सी भाषेत ०१० लिहिले तर संगणक त्याला आठ समजतो. तिथे पुढचे शून्य ही अष्टमान पद्धतीची खूण आहे.