भारताचं प्लुटोनियम धोरण

अणुभट्टीतून बाहेर पडलेलं वापरलेलं इंधन कचरा समजून पुरायचं नाही, त्यात युरेनियमपासून तयार झालेलं प्लुटोनियम काढून पुन्हा वीजनिर्मितीला लावायचं, हे भारत सरकारचं धोरण होमी भाभांनी १९५४ मध्ये तीन टप्प्यांचा (आधी युरेनियम, मग प्लुटोनियम, शेवटी थोरियम) कार्यक्रम मांडला तेव्हापासूनचं आहे. आपल्याकडे युरेनियम कमी, थोरियम भरपूर, पण थोरियम स्वतःहून पेटत नाही, त्याला आधी न्यूट्रॉन पुरवावे लागतात आणि मधला पूल म्हणून प्लुटोनियम लागतंच.

पहिल्या टप्प्यातल्या २२० मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्टीत इंधन म्हणजे साधारण अर्धा मीटर लांबीच्या १९ नळ्यांची मोळी. ती बाहेर आली की आधी काही वर्षं पाण्याच्या टाकीत थंड करतात, मग जाड काँक्रीटच्या भिंतीआड, माणसाचा हात न लागता, तुकडे करून गरम नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात. एवढं सगळं करून एका टनामागे प्लुटोनियम हाती येतं ते जेमतेम साडेतीन-चार किलो! उरलेला जहाल कचरा काचेत गोठवतात.

हे काम आधी ट्रॉम्बेला सुरू झालं (१९६४), नंतर तारापूर आणि कल्पाक्कमला. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांची गोष्ट वेगळी, तिथलं इंधन अमेरिकेच्या करारातलं, त्यावर प्रक्रिया करायला त्यांची संमती हवी होती आणि ती मिळालीच नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं टाक्यांत पडून राहिलं.

वेगळं काढलेलं प्लुटोनियम साठवून ठेवायचं नाही, भट्टीला लागेल तेवढंच काढायचं असंही धोरण सांगितलं जातं आणि माझ्या मते धोरणातला सगळ्यात शहाणा भाग हाच, कारण ठेवलं की त्यातल्या प्लुटोनियम-२४१ चं अमेरिसियम हे जास्त किरणं फेकणारं मूलद्रव्य होत जातं आणि इंधन हाताळणं अवघड होतं, शिवाय चोरीची धास्ती असतेच.

अडचणीचा मुद्दा बॉम्बचा आहे. १९७४ च्या पोखरण स्फोटातलं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं होतं, आणि २००६ च्या नागरी आणि लष्करी भट्ट्या वेगळ्या करण्याच्या आराखड्यात कल्पाक्कमच्या ब्रीडर भट्ट्या (जळतं त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या) भारताने आंतरराष्ट्रीय तपासणीबाहेर ठेवल्या, म्हणून बाहेरचे लोक शंका घेतात आणि ती शंका उगाच आहे असं म्हणता येत नाही.

दुसऱ्या टप्प्याची छोटी भट्टी कल्पाक्कमला १९८५ मध्ये पेटली. ५०० मेगावॅटच्या मोठ्या ब्रीडरचं बांधकाम मात्र २००४ मध्ये सुरू होऊनही तिचा गाभा भरायला सुरुवात व्हायला २०२४ उजाडलं, आणि थोरियमचा तिसरा टप्पा तेवढाच लांबला.