हलका दस्ता आला कुठून?

शिकारीच्या रायफलचं वजन उतरवायचं असेल तर लाकडी दस्ता (नळीला धरणारा आणि खांद्याला टेकणारा भाग) काढून फायबरग्लासचा किंवा कार्बन फायबरचा बसवायचा, हा परदेशात आज सर्रास वापरला जाणारा उपाय. ठाणे-नवी मुंबईत त्याची चौकशी करणारे थोडेच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, येऊरचा डोंगर राष्ट्रीय उद्यानात गेला. तरी आजोबांकडून वारशाने आलेली .३१५ बोअरची रायफल काही घरांत आहे; निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते. तिच्या वजनाची खरी चर्चा होते ती बहुधा तेव्हाच, कारण एरवी ती कोणी उचलतही नाही.

रायफल हलकी असावी ही गरज चालणाऱ्यांची. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ साली .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. हत्तीवरून किंवा मचाणावरून शिकार करणाऱ्यांच्या दुनाळी एक्स्प्रेस रायफलींपुढे ती अगदी सुटसुटीत होती आणि कुमाऊँचे चढ पायी चढणाऱ्याला तेच सोयीचं होतं. पण तिचा दस्ता अक्रोडाचाच होता. त्या काळी वजन कमी करायचं म्हणजे नळी बारीक किंवा आखूड करायची आणि लाकूड तासायचं. ब्रिटिशांनी १९४४ मध्ये ली-एनफिल्ड नंबर ४ या आपल्या लष्करी रायफलवर हाच प्रयोग केला आणि सुमारे ४.१ किलोची रायफल जवळपास ३.२ किलोवर आणली. ही ‘जंगल कार्बाइन’ खांद्याला इतका धक्का द्यायची की मागे रबरी गादी लावावी लागली, आणि नेम सरकतो ही तक्रार काही केल्या गेली नाही.

धक्क्याचं गणित सरळ आहे. काडतूस तेच ठेवून रायफलचं वजन वीस टक्क्यांनी उतरवलं, तर मागे येणारी ऊर्जा पंचवीस टक्क्यांनी वाढते. विंचेस्टरने १९५२ साली मॉडेल ७० फेदरवेट काढली, ती बारीक नळी आणि अॅल्युमिनियमचे सुटे भाग वापरून. दस्ता तेव्हाही लाकडाचाच राहिला.

लाकडाला खरा धक्का दिला तो ओलाव्याने. ठाण्यात जुलैत कपाटाचं दार घट्ट बसतं तसंच दस्त्याचं होतं: लाकूड पाणी पितं, आडवं फुगतं, पुढचा भाग नळीला एका बाजूने रेटतो आणि गोळी जागा सोडते. व्हिएतनाममध्ये अमेरिकी मरीन्सच्या एम४० या लांबून नेम साधणाऱ्या रायफलींच्या अक्रोडी दस्त्यांची हीच गत झाली. १९७०च्या दशकात तिची सुधारित आवृत्ती एम४०ए१ आली ती मॅकमिलन कंपनीचा फायबरग्लास दस्ता घेऊन. हा दस्ता चांगला जड होता. तो फुगत नव्हता, एवढंच त्याचं काम.

फायबरग्लासच्या दस्त्याचा दुसरा उगम बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून नेम मारण्याच्या स्पर्धांमधला, आणि मला तो जास्त मजेशीर वाटतो. तिथे रायफलच्या एकूण वजनावर मर्यादा असते. एका गटात ती साडेदहा पौंड, म्हणजे सुमारे ४.८ किलो. जाड नळी जास्त अचूक, पण जड. मग वजन वाचवायचं कुठे? दस्त्यात. १९६०च्या दशकात चेट ब्राउनसारख्या कारागिरांनी हाताने घडवलेले फायबरग्लासचे दस्ते वापरात आणले ते याच हिशेबाने. म्हणजे दस्ता हलका झाला तो रायफल हलकी व्हावी म्हणून नव्हे, तर ते वजन नळीला देता यावं म्हणून. याच्या आधी, १९५९ साली, रेमिंग्टनने ड्युपाँटच्या नायलॉनचा दस्ता असलेली नायलॉन ६६ काढली होती, पण ती छोट्या .२२ काडतुसाची. तिला मोठ्या काडतुसाचा मार सोसायचा नव्हता.

सगळी रायफलच हलकी करायची हे मनावर घेतलं वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्सने, १९८०च्या दशकात. केवलर (एक चिवट कृत्रिम धागा) आणि ग्रॅफाइटचा त्याचा दस्ता पाऊण किलोहूनही बराच हलका होता. जुन्या रायफलला नुसता नवा दस्ता बसवणं वेगळं आणि असा घाट वेगळा. त्याने काडतूस भरण्या-उडवण्याची यंत्रणाही छोटी केली आणि नळी दस्त्यात सुरुवातीपासून टोकापर्यंत टेकवली. नळी दस्त्याला न टेकवता मोकळी, तरंगती ठेवावी असं मानणाऱ्यांना हे उफराटं वाटलं, पण पातळ नळीला कडक दस्त्याचा आधार मिळाला.

आपल्याकडच्या .३१५चा घाट ली-एनफिल्डचा. तिचा दस्ता दोन तुकड्यांत येतो, मागचा भाग लांब बोल्टने खोबणीत आवळलेला. त्यामुळे रेमिंग्टन किंवा विंचेस्टरसाठी घडवलेला एकसंध दस्ता तिला बसत नाही. त्यात हात घालायचाच असेल तर परवानाधारक बंदूक कारागिराकडेच जावं. नळी आखूड करण्याचा विचार तर डोक्यातूनच काढून टाकावा. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

आणि पनवेलसारख्या ठिकाणी एअर रायफल शिकणारी मुलं नेमकं उलटं करतात. १० मीटरच्या स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं, म्हणून अॅल्युमिनियमच्या दस्त्याला ती वजनं जोडतात. जड रायफल कमी हलते, आणि इथे ती घेऊन डोंगर चढायचा नसतो.