आत्मरती, किशोरवयीन

स्वतःच्या मोठेपणाची अवास्तव कल्पना, कौतुकाची न भागणारी भूक, आपल्याला वेगळी वागणूक मिळालीच पाहिजे हा आग्रह आणि दुसऱ्याच्या भावनांविषयी बेफिकिरी ही लक्षणे किशोरवयात एकत्र दिसली, तर त्यांना मानसशास्त्रात आत्मरतीची लक्षणे म्हणतात. बोलीभाषेत अशा मुलाला ‘शेफारलेला’ म्हणतात. या शब्दात मुलाइतकाच त्याला शेफारून ठेवणाऱ्यांवरही ठपका असतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही.

पाण्यातील स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या नार्सिससच्या ग्रीक कथेवरून ‘नार्सिसिझम’ ही मूळ पाश्चात्त्य संज्ञा रूढ झाली. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१४ मध्ये या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. पुढे मनोविश्लेषक हाइन्झ कोहूट यांनी आत्मरतीचे मूळ बालपणी आईवडिलांकडून न मिळालेल्या सहानुभूतीत शोधले, तर ओटो कर्नबर्ग यांनी बडेजावामागे दडलेल्या रागावर आणि मत्सरावर भर दिला.

किशोरवयात काही प्रमाणात आत्ममग्नता स्वाभाविकच असते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली : सारे जग आपल्याकडेच पाहत आहे, असे या वयात वाटते. मुंबईच्या चाळीत वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा प्रेक्षक पूर्णपणे काल्पनिक नसतो, हेही ध्यानात घ्यावे लागते; सामाईक गॅलरीत कोण किती वाजता आले आणि कोणाला किती टक्के मिळाले, हे सर्वांना ठाऊक असते. दहावीच्या निकालाच्या दिवशी ९१ टक्के मिळवलेला मुलगा समोरच्या खोलीतील मुलीला ९३ मिळाल्याचे कळताच पेढ्यांचा पुडा बाजूला सारतो, पेपर तपासणाऱ्यांना नावे ठेवतो आणि रात्री जेवत नाही. वरवर हा गर्व दिसतो, पण त्याच्या मुळाशी लाजेची भीती असते. आत्मरतीचा हा हळवा, चटकन दुखावणारा प्रकार उघड बढाईखोर प्रकाराइतकाच महत्त्वाचा आहे आणि बुजरेपणा समजून त्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

कारणांमध्ये उपजत स्वभावाचा वाटा असतो, तसाच संगोपनाचाही. नेदरलँड्समध्ये ७ ते ११ वर्षांच्या ५६५ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास एडी ब्रुमेलमान आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ‘आमचे मूल इतरांपेक्षा खास आहे’ असे मानणाऱ्या पालकांच्या मुलांमध्ये पुढे आत्मरती वाढलेली आढळली. पालकांच्या मायेची ऊब जाणवणाऱ्या मुलांमध्ये मात्र स्वाभिमान वाढला. लाड आणि माया यांतील हा भेद एकुलत्या एका मुलावर सारी स्वप्ने लादणाऱ्या घरात सहज पुसला जातो. गुण आणले की डोक्यावर घ्यायचे आणि घसरले की अबोला धरायचा, अशा घरात आपली किंमत कौतुकावरच ठरते, असा मुलाचा समज होतो. समाजमाध्यमांवरील पसंतीचे आकडे तो समज दृढ करू शकतात. तो मुळात निर्माण करण्याचे खापर सर्वस्वी मोबाइलवर फोडणे मात्र सोयीचे असले, तरी बरोबर नाही.

आत्मरतीची लक्षणे म्हणजे विकार नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार आत्मरतिमूलक व्यक्तिमत्त्वविकारासाठी ९ पैकी किमान ५ निकष पूर्ण व्हावे लागतात आणि १८ वर्षांखालील व्यक्तीत असे निदान करायचे तर लक्षणे किमान वर्षभर टिकलेली असावी लागतात. किशोरवयात ही लक्षणे दिसली म्हणजे मोठेपणी विकार होईलच असे नाही, असेही ती पुस्तिका नमूद करते. उपचारांचा भर संवादात्मक मानसोपचारावर असतो आणि त्यात पालकांनाही सामील करून घ्यावे लागते; मुलाला ‘सुधारण्यासाठी’ एकट्यालाच समुपदेशकाकडे धाडण्याची पद्धत त्यामुळे अपुरी पडते.