शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक नको
पोराचा शेंबूड हिरवा दिसला की ‘इन्फेक्शन झालं, आता अँटिबायोटिक हवंच’ असं घरोघरी म्हणतात. हे खरं नाही. विषाणूंमुळे होणाऱ्या साध्या सर्दीतही दोन-तीन दिवसांनी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो. तो रंग जंतूंचा नव्हे. लढायला आलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज हे लोहयुक्त, हिरवट विकर (एन्झाइम) असतं, त्याचा. अँटिबायोटिक विषाणूंवर चालतच नाही, जुलाब मात्र होऊ शकतात. रंग नव्हे, दिवस बघा: 10 दिवसांत उतार नसेल किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर डॉक्टर गाठा. धाप लागली तर लगेच. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत मणी किंवा शेंगदाणा अडकलेला असू शकतो. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका.